गळ नसलेले दिवस

रिकामा रकाना म्हणजे परत आलेला अर्ज. हे वाक्य माझे आहे. २००३ सालापासून पुढची तीन वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांत मी ते फळ्यावर लिहिले आणि मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतले. मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. वस्तुस्थिती बदलता येत नसेल तर निदान तिचा तक्ता करावा, अशी आमच्या शास्त्राची रीत आहे. तक्ता असा होता की त्याआधीच्या वर्षी आमच्या भागातले शिष्यवृत्तीचे चाळीस अर्ज, एखादा रकाना कोरा राहिला एवढ्याच कारणाने परत आले होते. एका मुलाने घर क्रमांक लिहिला नव्हता, कारण त्याच्या टोल्यातल्या, म्हणजे वाडीतल्या, घरांना क्रमांकच नव्हते. एका मुलीने वडिलांचा व्यवसाय लिहिला नव्हता, कारण वडील नव्हते. कार्यालयाच्या दृष्टीने ही दोन्ही मुले अस्तित्वात नव्हती, आणि कार्यालयाच्या दृष्टीवर शंका घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून मी सुट्टीत शिबिरे घेतली. घराला क्रमांक नसेल तर तलावाचे नाव लिहा, आडनाव नसेल तर बापाचे नाव दोनदा लिहा, पण जागा सोडू नका, असे शिकवले. पुढच्या वर्षी फक्त तीन अर्ज परत आले. माझा सत्कार झाला.

आमटोल्याची दामिनी माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी. आमटोला बल्लारपूरपासून बारा किलोमीटरवर, जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून बसलेला ढिवरांचा टोला. दामिनीचे वडील मनसाराम तलावात जाळे टाकत. आई प्रेमिला टोपलीत मासे घेऊन बल्लारपूरच्या बाजारात बसे. दामिनी तेरा वर्षांची असल्यापासून अख्ख्या टोल्याचे अर्ज भरत असे: रेशनकार्ड, जातीचा दाखला, म्हाताऱ्यांची पेन्शन. तिने भरलेला अर्ज परत येत नाही अशी तिची ख्याती होती. २००६ च्या नोव्हेंबरात ती पंधरा वर्षांची होती आणि सकाळी सातच्या एस.टी.ने बल्लारपूरच्या शाळेत दहावीला जात होती.

बस स्टँडच्या मागे कमरुद्दीन टेलरचे दुकान होते. पुढे शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत इंटरनेटचे पाच कॉम्प्युटर. मागची खोली ही त्यांच्या पत्नीची, शकिलाबाईंची, कल्पना. रस्त्यावरून येणाजाणाऱ्यांनी पोरींकडे टकामका पाहू नये म्हणून शकिलाबाईंनी प्रत्येक कॉम्प्युटरभोवती प्लायवूडचा आडोसा घालून पुढे स्वतःच्या हाताने शिवलेला फुलाफुलांचा पडदा लावला होता. त्या पडद्यांमुळेच बल्लारपूरच्या आया आपल्या मुलींना तिथे पाठवत. शकिलाबाईंची मुलगी अमरीन दामिनीच्याच वर्गात. तिने दामिनीला मैत्रीच्या एका साइटवर नेऊन बसवले. साइटने, साइट करतात त्याप्रमाणे, एक अर्ज पुढे केला.

दामिनीने अर्ज भरला. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात. शाळा, वर्ग, तुकडी. गाव, तलावाचे नाव, घर पाळीच्या कोणत्या अंगाला आहे. येण्याजाण्याचे साधन: सकाळी सातची एस.टी., संध्याकाळी साडेपाचची. संपर्कासाठी शेजारी देवरावभाऊंच्या घरचा फोन. आवडी, नावडी. स्वप्न: नर्स व्हायचे. भीती कशाची वाटते, असाही एक रकाना होता, आणि तिथे तिने लिहिले की बाबा शाळा सोडवतील याची वाटते. अमरीन शेजारी बसून हसत होती. येडी, एवढं कोणी लिवत नाई, असे तिने सांगितलेही. दामिनीने उत्तर दिले की कोरे सोडले की वापस येते.

तिचा अर्ज साइटवर कोणालाही वाचता येत होता. आठवड्याभरात तिला नागपूरच्या पायलचे पत्र आले. पायलही पंधरा वर्षांची, तिलाही नर्स व्हायचे होते. त्यानंतर सहा आठवडे, रोज साडेचारला, म्हणजे शाळा सुटल्यावर दामिनी पडद्याआड येऊन बसे नेमक्या त्या वेळेला, पायलचे पत्र हजर असे; शनिवार-रविवारची ती सोमवारी वाचे.

हे सगळे दामिनीने स्वतःच आईला सांगितले, आणि तेही अभिमानाने. शनिवारची दुपार होती. प्रेमिला अंगणात दगडावर राख घेऊन मासे घासत होती. नागपूरची मैत्रीण किती चांगली आहे, दामिनी सांगत राहिली. तिच्या ओळखीने नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत ठरली आहे, येत्या गुरुवारी ती स्वतः बल्लारपूरच्याच बल्लारशाह स्टेशनवर घ्यायला येणार आहे, पिवळी ओढणी घालून. आणि मुख्य म्हणजे ती कधी काही मागत नाही. इतर पोरी फोटो मागतात, नंबर मागतात; ही एक शब्द विचारत नाही.

प्रेमिलाचा हात थांबला. किती दिस झाले, एवढेच तिने विचारले. मग पुढचा मासा उचलला.

सोमवारी सकाळी ती चंद्रपूरला आमच्या स्टाफरूममध्ये आली. मला ओळखत होती. शिबिराच्या वेळी मी तिच्या घरी जेवले होते. तिच्या टोपलीचा वास आला तसे आमच्या इतिहास विभागप्रमुखांनी उठून खिडकी उघडली. अन्नाला वास असतो हे ज्ञान उच्चशिक्षणात मागे पडते. प्रेमिला दारातच उभी राहिली, सहा वाक्यांत मला सगळे सांगितले आणि पत्रे वाचून दाखवायला चला म्हणाली. मी तिला विचारले की पत्रे दामिनीच वाचून दाखवू शकेल, मी कशाला.

"पोट्टी वाचन," ती म्हणाली. "पण तिले जे गोड लागते तेच जोरानं वाचन. तुमी सारं सारखं वाचा. तुमीच शिकवलं ना बाई तिले रकाने भराले?"

यात आरोप नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते.

त्या दुपारी शकिलाबाईंच्या फुलाफुलांच्या पडद्याआड, एका माणसाच्या जागेत आम्ही तिघी बसलो. दामिनी संतापली होती. पासवर्ड तिने माझ्याकडे न पाहता टाकला. मी पहिल्या पत्रापासून वाचायला सुरुवात केली. बेचाळीस पत्रे होती. मराठी नेटके होते, शुद्धलेखन निर्दोष. माणसे शब्दांनी माणसांना कसे वळवतात यावर लिहिलेले ग्रंथ माझ्या घरी दोन कपाटे भरून आहेत. त्यांतला एकही मी अर्धवट सोडलेला नाही. तरीही दहाव्या पत्रापर्यंत मला एक समंजस, एकटी मुलगी दिसत होती, आणि मनात मी असेही म्हणत होते की आमटोल्याच्या पोरीला अशी मैत्रीण मिळाली तर वाईट काय.

प्रेमिला डोळे मिटून ऐकत होती. मध्येच ती फक्त विचारी: कोणता दिस, किती वाजता. साडेचार, मी सांगे. पुन्हा साडेचार. पहिल्या आठवड्यात पायलने तलावातल्या कमळांविषयी लिहिले होते, दामिनीच्या तलावाचे नाव घेऊन. दुसऱ्यात लिहिले होते की माझी आईही मला समजून घेत नाही, आयांचे जग वेगळे असते. तिसऱ्यात एका कॉलेजच्या इमारतीचे चित्र. चौथ्यात पांढऱ्या गणवेशातल्या मुली. पाचव्यात मुलाखत. सहाव्यात गुरुवार.

सतराव्या पत्रावर प्रेमिलाने हात वर केला. "थांबा. इथी त्यानं जागा बदलली."

मी कोणी, म्हणून विचारले.

"लिवनाऱ्यानं. कालपर्यंत तलावाच्या मधात टाकत होता. आज हातभर काठाकडं आला. पुढं वाचा, उद्या आनखी येन."

मी पुढे वाचले. अठराव्यात पायलने पहिल्यांदा घराबाहेर पडण्याविषयी लिहिले होते: आपण मुली कधी एकटीने प्रवासच करत नाही, नाही का, असे प्रश्नाच्या रूपात नव्हे. एकटीने प्रवास केला की माणूस मोठा होतो, एवढेच. विसाव्यात रेल्वे आली. चोविसाव्यात बल्लारशाह. प्रेमिला प्रत्येक वेळी पुढचे पत्र कुठे पडणार हे आधी सांगत गेली, आणि ते तिथेच पडत गेले. तिला अक्षर येत नव्हते. ती मजकूर ऐकतच नव्हती; मजकूर किती अंतरावर पडतो ते ऐकत होती. मी आयुष्यभर ज्याला वाचन म्हणत आले ते काय होते, असा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर माझ्या बाजूने नव्हते.

शेवटचे पत्र संपल्यावर तिने डोळे उघडले आणि मुलीशी बोलली, माझ्याशी नाही. रोहू नुसती गरी, म्हणजे गळ, टाकली की लागत नाही, ती म्हणाली. तो शहाणा मासा आहे. त्याला आठ दिवस कोंड्याचे गोळे टाकावे लागतात. गळ नाही, जाळे नाही, नुसता दाणा. तीच जागा, तीच वेळ, एक दिवसही खंड नाही. तुझा बाप पाऊस असो की ताप असो, पाळीवर जाऊन बसतो, ते तू लहानपणापासून पाहिले आहेस. मासा येतो, खातो, जातो. कोणी त्याला काही करत नाही. मग रोज हातभर काठाकडे.

"अन नवव्या दिसी?" मी विचारले. माझीही भाषा तिच्यासारखी झाली होती.

"नवव्या दिसी बी दानाच रायते बाई. फक्त त्याच्यात गरी रायते."

"माय, तुले त काईच समजत नाई," दामिनी म्हणाली. "ती मले कधी काईच मागत नाई."

"तेच त," प्रेमिला म्हणाली. "काऊन मागन? तू सारं आधीच लिवून ठेवलं. ज्याले सोबत पायजे तो इचारते, वं माय. कशी हायेस, काय खाल्लं, काल काऊन नाई आली. बेचाळीस दिसांत त्यानं तुले एक बात इचारली का?"

मी पुन्हा वरून खाली सगळी पत्रे पाहिली. बेचाळीस पत्रांत एकही प्रश्नचिन्ह नव्हते.

दामिनीला हे पटले नाही. पंधराव्या वर्षी आपली मैत्रीण आईच्या कोंड्याच्या गोळ्याशी मोजली जावी हे कोणाला पटेल? ती म्हणाली की तुला माझी शाळा बंद करायची आहे. प्रेमिला यावर भडकेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, शाळा बंद होऊ नये म्हणूनच ती नवऱ्याला न सांगता आली आहे. मनसारामच्या कानावर हे गेले तर तो पोरीला पाळीवर बसवेल आणि दार लावेल, आणि मग जिंकला कोण? पोरगी घरी कोंडली गेली काय आणि तिकडे नेली गेली काय, नर्स व्हायची राहिलीच.

मग तिने एक साधी परीक्षा सुचवली. पायलला घरी बोलाव. गुरुवारी गाडीत बसण्याआधी टोल्यावर ये म्हणावे, आई मासे रांधेल. मैत्रीण असेल तर येईल किंवा रुसेल. दाणा टाकणारा पाण्यात उतरत नसतो.

दामिनीने तावातावाने ते लिहिले. तिला खात्री होती. उत्तर दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, साडेचारलाच आले. एकच ओळ होती.

आईला सांगितलंस का?

पडद्याआड आम्ही तिघी पुन्हा बसलो होतो. पलीकडे कमरुद्दीनभाईंचे मशीन चालत होते. दामिनी त्या ओळीकडे पाहत राहिली. सहा आठवड्यांत तिला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो तिच्याविषयी नव्हता. तिने हळूच आईच्या पदराचे टोक धरले. लहान मूल धरते तसे नव्हे, अंधाऱ्या जिन्यावर माणूस कठडा चाचपतो तसे.

"लिव," प्रेमिला म्हणाली. "नाई सांगतलं."

दामिनीची बोटे थांबली. या मुलीने आजवर कोणत्याही रकान्यात खोटे लिहिले नव्हते. तिला ते शिकवायला कोणी शिबिर घेतले नव्हते. मी सांगितले, लिही. तिने लिहिले. मिनिटभरातच उत्तर आले: शहाणी आहेस, सांगू नकोस, गुरुवारी भेटूच.

बुधवारी मी ती पत्रे छापून घेऊन एका पोलीस अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. दोन पत्रे वाचली आणि विचारले की एक मुलगी दुसऱ्या मुलीला लिहिते, यात गुन्हा कुठे आहे. काही घडले की या, असे म्हणाले, अगदी सौजन्याने. घडल्यानंतर मी कशासाठी येणार होते ते मात्र त्यांनी सांगितले नाही. मुलांच्या इंटरनेट सुरक्षिततेसाठी जिल्ह्यात नुकतीच एक समितीही नेमली गेली होती. तिची खबर मला होती, कारण मी तिची सदस्य होते. समितीने तोवर एक भित्तिपत्रक काढले होते. त्यात हसणारा कॉम्प्युटर होता आणि खाली लिहिले होते: मुलांनो, सावध राहा. कशापासून, ते जागेअभावी छापले नव्हते.

गुरुवारी दामिनीला शकिलाबाईंच्या दुकानात ठेवले. हे प्रेमिलाने ठरवले होते. मासा आज पाण्यात नको, ती म्हणाली. शकिलाबाईंना तिने सोमवारीच सगळे सांगितले होते. अमरीनने मला नंतर जे सांगितले ते असे: सकाळी दहा वाजता तिच्या अम्मीने शिलाईची मोठी कात्री घेतली आणि पाचही पडदे दांडीपासून कापले. कमरुद्दीनभाई म्हणाले, अगं, शिवण उसवली असती तर कापड कामाला आले असते. शकिलाबाई म्हणाल्या, नको, ये मेरे ही हाथ का है. मग आडोशाच्या फळ्या खिळ्यांसकट उपटून त्यांनी पाचही उघडे पडलेले कॉम्प्युटर असे फिरवले की त्यांची तोंडे थेट शिलाई मशीनकडे व्हावीत, आणि दामिनीला आपल्या शेजारी काजे करायला बसवले.

बल्लारशाहच्या फलाटावर आम्ही साडेदहाला पोचलो. प्रेमिलाबरोबर बाजारात बसणाऱ्या चौघी होत्या, त्यांत तिची चुलत जाऊ सोमारी. पाचही जणींच्या डोक्यावर टोपल्या. कोळणी फलाटावर बसल्या तर कोणी वळून पाहत नाही; ती अदृश्यता आपल्या समाजाने त्यांना फार पिढ्यांपूर्वी बहाल केलेली आहे. मी पुस्तकाच्या स्टॉलजवळ उभी राहिले आणि खलनायक शोधू लागले. मला दोन सापडले: एक लाल डोळ्यांचा, एक मोबाइलवर खेकसणारा. प्रेमिलाने दोघांकडे पाहिलेही नाही.

फलाटावर दीडदोनशे माणसे होती. जवळपास सगळ्यांची तोंडे गाडी येणार त्या दिशेला. माणसे घड्याळ पाहत होती, सामान मोजत होती, पोरांना ओढत होती, कंटाळत होती. प्रेमिलाने मला कोपराने खुणावले. पादचारी पुलाच्या पायऱ्यांसमोर बाकावर पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता. इस्त्रीचा फिकट शर्ट, मांडीवर रेक्झिनची बॅग, कोणत्याही शाळेत मुख्याध्यापक म्हणून शोभावा असा. मी त्याला पाहिले होते आणि त्याच्या सभ्यपणामुळे मनातून वगळले होते.

"गाडीची वाट पायनारा माणूस उबगते," प्रेमिला हलक्या आवाजात म्हणाली. "हा पायऱ्या पाहून राह्यला, अन उबगला नाई. पाऊण घंटा झाला, पाय बी हालवला नाई त्यानं. मनसाराम असाच बसते."

मी म्हटले, खात्री कशी करायची? निरपराध माणूस असला तर? मी कायद्याची, पुराव्याची भाषा बोलत होते. प्रेमिलाने टोपली डोक्यावर नीट केली, बाकाला वळसा घालून त्याच्या पाठीमागे गेली, आणि बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी, न ओरडता, मोकळ्या गळ्याने हाक मारली.

"पायल."

तो वळला.

त्या वळण्याविषयी मला लिहिता येणार नाही असे अनेक वर्षे वाटत आले. दोनशे माणसांच्या त्या फलाटावर दुसरे कोणीही वळले नाही. तो वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आधीपासून तयार होते. मायेचे, मऊ, एखाद्या मुलीसाठी नीट बसवून ठेवलेले. समोर टोपलीवाली बाई दिसल्यावरही ते लगेच गेले नाही. चेहऱ्याला ते काढायला वेळ लागला.

"जेवाले बलावलं होतं तुले," प्रेमिला म्हणाली. "आली नाई तू. म्हून मीच आली."

त्याने उठायचा प्रयत्न केला, पण तोवर चौघींनी बाकाभोवती टोपल्या ठेवल्या होत्या. सोमारीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"काऊन वं पायल, मिशा कवा आल्या तुले? अन पिवळी ओढनी कुठी गेली?"

भोवतालचे लोक हसले. हसण्याने गर्दी जमली, गर्दीने रेल्वेचा शिपाई आला. त्या गृहस्थाने अत्यंत शुद्ध मराठीत सांगितले की या बाया दारू पिऊन भल्या माणसाची अब्रू काढत आहेत. शिपायाने त्याच्याकडे पाहिले, कोळणींकडे पाहिले, आणि देशातल्या एकूण अनुभवाला अनुसरून तो त्या गृहस्थावर विश्वास ठेवण्याच्या बेतात होता. तेव्हा मी पुढे झाले आणि माझे पद सांगितले. इतक्या वर्षांत त्या पदाचा एवढा एकच उपयोग झाला.

शिपायाने उघडायला लावलेल्या बॅगेत पिवळी ओढणी होती, घडी केलेली. तिच्याखाली एक फाइल, आणि फाइलमध्ये छापलेली पाने. सर्वांत वर दामिनीचे: काठोकाठ भरलेले, माझ्या शिकवणीचा आदर्श नमुना. साडेपाचच्या एस.टी.खाली लाल रेघ. भीतीच्या रकान्याखाली दोन लाल रेघा. त्याखाली आणखी अकरा मुलींची पाने होती, चंद्रपुरातली आणि गडचिरोलीतली. मी ती शिपायाच्या खोलीत, त्याच्या टेबलावर एकेक करून उलटली.

त्या माणसाचे नाव इथे लिहीत नाही. कोर्टाच्या कागदांत ते आहे, आणि तेवढी जागा त्याला पुरे. खटल्याचे पुढे जे व्हायचे ते सावकाश झाले. तारखांवर तारखा पडल्या, आणि बुधवारचे ते सौजन्यशील अधिकारी साक्षीत म्हणाले की प्रकरण त्यांच्या सतर्कतेमुळे उघडकीस आले.

पण स्टेशनवरच्या खोलीत, फाइलवर मोहोर बसण्याआधी, प्रेमिलाने विचारले की बाकीच्या पोरींचे काय. कळवले जाईल, शिपाई म्हणाला. कधी, कोण, कोणाच्या तोंडाने? बापाला कळवाल की आईला? मग ती मला म्हणाली, बाई, एकदा सारखं वाचा.

मी वाचले. अकरा नावे, अकरा गावे, आईचे नाव असेल तिथे आईचे नाव. माजरीची कोळशाच्या खाणीजवळची शिरीन. हेमलकशाच्या वाटेवरची एक माडिया मुलगी. सिरोंच्याकडची एक, जिच्या पानावर अर्धे तेलुगू होते. मी कागद शोधत होते, लिहून घ्यावे म्हणून. प्रेमिलाने भिंतीला टेकून डोळे मिटले आणि मी थांबल्यावर अकराही नावे, गावे, आया, त्याच क्रमाने म्हणून दाखवली. शिपायाने आपल्या टेबलावरचा पंखा बंद केला. का, ते त्यालाही सांगता आले नसते. ती म्हणत होती आणि आम्ही दोघे, एक सरकारी आणि एक विद्यापीठीय, उभे राहून ऐकत होतो.

रविवारी आम्ही माजरीला गेलो. दामिनीला आणायचे नव्हते. ती आपणहून सातच्या एस.टी.त चढून बसली होती. वाटेत तिने मला एकदाच विचारले की त्या शिरीनला सांगताना आपणही तिथे असलो तर तिला कमी लाज वाटेल का. मी सांगितले, मला माहीत नाही. माझ्या तोंडून हे वाक्य तिने प्रथमच ऐकले असावे.

खाणीच्या वसाहतीच्या टोकाला पत्र्याचे घर होते. अंगणातल्या तुळशीएवढ्या लिंबाच्या पानांवरही कोळशाची काळी पूड बसलेली. दार उघडले ते आईनेच, ओल्या हाताने. नाव शहनाज. तिच्या मागे, आतल्या दाराच्या चौकटीत, दामिनीच्याच वयाची एक मुलगी उभी होती. आम्हाला पाहताच, म्हणजे आम्ही कोण हे न कळताच, तिचा चेहरा उतरला. सहा आठवडे म्हणा, सहा महिने म्हणा, ती कोणीतरी येईल याचीच वाट पाहत असावी.

आत या, बसा, आई म्हणाली. परक्या बायांना असे लगेच आत बोलावणारे घर.

प्रेमिला उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "येते बाई. पन आधी एक कबूल कर. मी जे सांगन ते आयकून पोरीले मारनार नाई, अन तिची शाळा बंद करनार नाई. तिच्या अब्बाले बी करू देनार नाई. मंग येते."

शहनाजने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग दामिनीकडे बराच वेळ पाहिले. काय झाले आहे हे तिला ठाऊक नव्हते. कोणत्या गोष्टीसाठी शब्द मागितला जातो आहे हेही तिला कोणी सांगितले नव्हते. तिने मागे वळून मुलीकडे पाहिले. मुलगी जमिनीकडे पाहत होती.

"नाई करत," शहनाज म्हणाली. "कसम हाये. या आत."

दामिनीने चपला काढल्या आणि आईच्या आधी उंबरा ओलांडला.